गावदेवीच्या नावावर आलेलं बिल

ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं एक गावठाण. पलीकडे एमआयडीसीचे कारखाने, अलीकडे सिडकोचे सेक्टर, आणि मधे दाटीवाटीने उभी राहिलेली आगरी-कोळ्यांची घरं. गावाच्या तोंडाशी गावदेवीचं मंदिर, मंदिराच्या मागे दोन मजली सभागृह, रस्त्याच्या अंगाला सहा गाळे. सगळं एका सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) मालकीचं. महापालिकेच्या दप्तरात मात्र वर्षानुवर्षं एकच नोंद होती: ‘मंदिर’. फेरतपासणीत करनिर्धारण विभागाने त्या एका नोंदीच्या तीन नोंदी केल्या आणि सभागृह व गाळे यांचं मिळून २ लाख १० हजारांचं मालमत्ता कराचं बिल अध्यक्षांच्या हातात ठेवलं. दोन दिवसांत गावभर झालं, देवीला कर लावला.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. गाव, न्यास, माणसं आणि रुपयांचे आकडे कोणा एका देवस्थानाचे नाहीत. अशा न्यासांचे हिशोब साधारण ज्या घडणीचे असतात, तशी ही घडण आहे. कायद्याची कलमं, न्यायालयांचे निकाल आणि त्यांची वर्षं खरी आहेत. हिशोबाचं वर्ष २०२४-२५ धरलं आहे, म्हणजे आयकर कायदा १९६१ चाच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण इथे ज्या तत्त्वांशी गाठ आहे ती बहुतेक तशीच पुढे आली आहेत.

गावकीची बैठक

सभागृहातच बैठक भरली. पहिला सूर अपेक्षित होता. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर या पट्ट्यातली शेती आणि मिठागरं संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. तेव्हा ‘जमिनी घेतल्या, आता देवीकडेही मागायला आलात’ हे वाक्य कोणी ना कोणी बोलणारच होतं, आणि ज्येष्ठ विश्वस्तांपैकी एक जण ते बोललेच.

शेजारच्या सेक्टरमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरीही बैठकीला होते. देवीचे भक्त, दर मंगळवारी दर्शनाला येणारे. त्यांनी अध्यक्षांना विचारलं, “नाना, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या लोकांनी कर थकवला की दरमहा दोन टक्के शास्ती लागते. हॉलचं भाडं तुम्ही आमच्याकडून पंचवीस हजार घेता. मग हॉलला कर का नको?”

प्रश्न रास्त होता, पण त्यात एक गोष्ट सुटत होती. गृहनिर्माण सोसायटीही सभासदांकडून दरमहा लाखो रुपये गोळा करते आणि त्यावर आयकर भरत नाही. सभासदांनी एकमेकांसाठी जमवलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, हे परस्परतेचं तत्त्व. व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हस्तांतरण शुल्कालाही ते लावलं. बाहेरून येणाऱ्या पैशाला ते लागत नाही. २०१३ च्या बंगलोर क्लबच्या निकालात, सभासद असलेल्या बँकांत ठेवलेल्या ठेवींच्या व्याजालाही ते नाकारलं गेलं. थोडक्यात, सोसायटीच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या भाड्यावर कर आहे, मेंटेनन्सवर नाही. सेक्रेटरींना हे ठाऊक होतं, त्यांच्या ऑडिटरने सांगितलेलं. देवळाच्या बाबतीत मात्र आलेला प्रत्येक रुपया त्यांना ‘करबुडवा’ वाटत होता.

बिलाचं उत्तर खरं तर एका कलमात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे निव्वळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतीला सामान्य करातून, म्हणजे मालमत्ता कराच्या मुख्य भागातून, सूट आहे. पण जिथे धंदा चालतो किंवा जिच्यातून भाडं येतं ती जागा ‘निव्वळ पूजेची’ मानली जात नाही, मग ते भाडं पूर्णपणे धर्मकार्यावर खर्च झालेलं असो वा नसो. शिवाय एकाच इमारतीतला सूट असलेला भाग आणि नसलेला भाग वेगवेगळ्या मालमत्ता धरायच्या. म्हणजे गाभाऱ्याला सूट राहिलीच होती. सूट नसलेल्या भागावर आधी लागायला हवा होता तो कर आता लागला. ‘देवीला कर’ हे वाक्य गावात जितकं चाललं तितकं ते खरं नव्हतं. शिवाय सूट आहे ती सामान्य करातून. पाण्याचं, मलनिस्सारणाचं जे काय असेल ते मंदिरालाही चुकलेलं नाही.

वर्षाचा हिशोब

आता आयकराकडे येऊ, कारण ‘धार्मिक संस्थांची करसवलत काढा’ म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक तोच असतो.

न्यासाची वर्षाची आवक ४९ लाख १८ हजार. त्यात दानपेटीचे १४ लाख, पावतीवरच्या देणग्या ९ लाख, गाळ्यांचं भाडं ६ लाख १८ हजार, सभागृह ११ लाख, बँकेतल्या ठेवींचं व्याज ७ लाख, अभिषेक-पूजांचे २ लाख. खर्च ३४ लाख: पुजारी, सफाई, वीज यांवर ११, जत्रा आणि पालखीवर ८, अन्नदान ५, दुरुस्ती ४, कार्यालय आणि लेखापरीक्षण अडीच, मुलांच्या वह्या-शिष्यवृत्त्या २, वैद्यकीय मदत दीड लाख.

टीकाकार ४९ लाखांवर ३० टक्के लावून १४ लाख ७५ हजारांचा आकडा सांगेल. तो चुकीचा आहे. कायदा न्यासाला आलेल्या देणगीलाही उत्पन्न म्हणतो, पण साध्या अर्थाने देणगी ही कमाई नव्हे. कमाई म्हणता येईल ती गाळे, सभागृह आणि व्याज मिळून २४ लाख १८ हजारांची. खर्च एक पैसाही वजा न करता त्यावर कमाल दर लावला तरी सव्वासात लाखांच्या आसपास येतात. सवलतीची वरची मर्यादा ती. त्यासमोर शिक्षण आणि औषधपाण्यावरचा खर्च साडेतीन लाख, अन्नदान धरलं तर साडेआठ. हा हिशोब मला ना लाजिरवाणा वाटतो ना अभिमानाचा. समाज जेवढं सोडतो त्याच्या जवळपास समाजाला परत येतं, एवढंच.

पण कायदा सवलत देतो ती या तुलनेवर नाही. कलम ११ खाली सूट मिळते ती खर्चाला. आवकेच्या ८५ टक्के त्याच वर्षी न्यासाच्या उद्दिष्टांवर लागले पाहिजेत. १५ टक्के शिल्लक टाकता येतात. इथे ८५ टक्के म्हणजे ४१ लाख ८० हजार. खर्च झाले ३४. तूट ७ लाख ८० हजारांची. ती विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवतो असं कलम ११(२) प्रमाणे फॉर्म १० भरून मुदतीत कळवलं तर सूट टिकते. नाहीतर कलम ११५बीबीआय खाली ३० टक्के कर. ‘देवस्थानाला कर नाही’ असं म्हणणाऱ्या विश्वस्ताला हा फॉर्म १० दाखवावा.

आणि ३४ लाख तरी पूर्ण धरले जातात का? जत्रेतले ३ लाख मांडववाल्याला, बँजो पार्टीला, ऑर्केस्ट्राला रोख दिले होते, प्रत्येकाला एका दिवशी दहा हजारांच्या वर. कलम ४०ए(३) न्यासांनाही लागू झाल्यापासून असा रोख खर्च उद्दिष्टावरचा खर्च म्हणून मोजला जात नाही. पैसा तर गेला, शिल्लक टाकायलाही उरला नाही. साध्या हिशोबाने ३ लाखांवर ३० टक्के, म्हणजे ९० हजार रुपये, वर उपकर. खजिनदार म्हणाले, “बँजोवाला चेक घेतो का?” बहुतेक घेत नाही. पण यूपीआय घेतो. ऑर्केस्ट्रा धार्मिक खर्चात बसतो का हा प्रश्न मी बैठकीत काढला नसता. जत्रेच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा बंद करायचा म्हटलं तर आयकर अधिकारी परवडले अशी गावाची अवस्था होईल.

पुतण्याचा गाळा

सहापैकी पाच गाळे महिना ९,५०० रुपयांनी. साडेनऊच का, हे जीएसटीशी थोडीशी ओळख असलेल्याला सांगावं लागत नाही: नोंदणीकृत धार्मिक न्यासाने धर्मस्थळाच्या आवारातला गाळा महिना दहा हजारांच्या आत दिला तर त्याला सूट आहे, दहा हजार झाले की नाही. सहावा गाळा ४,००० रुपयांनी. त्यात झेरॉक्स आणि आधार-पॅनचं काम करणारा मुलगा एका विश्वस्ताचा सख्खा पुतण्या.

विश्वस्तांचं समर्थन असं, की मुलगा गावातला आहे, बाप लवकर गेला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे अर्ज तो फुकट भरून देतो. हे सगळं खरं असेलही. पण आयकर कायद्याच्या कलम १३ मध्ये ‘नातेवाईक’ कोण याची व्याख्या आहे आणि भावाची संततीही तीत येते. न्यासाची मालमत्ता अशा व्यक्तीला पुरेशा भाड्याशिवाय दिली की तो विश्वस्ताच्या गोतावळ्याचा फायदा ठरतो. महिन्याला ५,५०० चा फरक, वर्षाला ६६,०००. पूर्वी अशा एका गाळ्यापायी अख्ख्या न्यासाची सूट धोक्यात येई आणि त्यावर लांबलचक वाद चालत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तेवढ्याच रकमेवर ३० टक्के, म्हणजे १९,८०० रुपये कर. शिवाय कलम २७१एएई खाली पहिल्या वेळी त्या रकमेइतकाच दंड, ६६,०००. पुन्हा केलं तर दुप्पट.

मला ही दुरुस्ती शहाणपणाची वाटते. एका माणसाच्या चुकीसाठी सगळ्या गावाची सूट काढून घेणं हा न्याय नव्हता, आणि त्या भीतीने असले गाळे लपवलेच जात. मुलाला मदत करायची तर गावकीने वर्गणी काढून करावी. न्यासाच्या भाड्यातून नको.

तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने गाळा द्यायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणूनच सगळे करार अकरा-अकरा महिन्यांचे. एवढी काळजी घेणाऱ्यांनी पुतण्याच्या बाबतीत ती घेतली नाही.

शिष्यवृत्तीबद्दल एकाने शंका काढली. न्यासाच्या घटनेत ती ‘आगरी-कोळी समाजातील’ मुलांसाठी लिहिलेली आहे. एकाच जातीसाठी काम करणाऱ्या धर्मादाय न्यासाला सूट नाही असं कलम १३(१)(ब) म्हणतं, मग? त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्ग यांना त्या मनाईतून वगळलं आहे. शिवाय २०१४ च्या दाऊदी बोहरा जमातच्या निकालानंतर धार्मिक आणि धर्मादाय अशा मिश्र उद्दिष्टांच्या न्यासाला हे कलम सरसकट लावता येत नाही. शंका तिथेच मिटली.

सभागृहाचं काय

सभागृहाचे दोन दर. गावकऱ्यांना ९,०००, बाहेरच्यांना २५,०००. वर्षात गावातले २५ कार्यक्रम, बाहेरचे ३५. लग्न, साखरपुडा, बारसं, कधी एखाद्या कंपनीची सभा. सभागृहासाठी जीएसटीची रेषा दिवसाला दहा हजारांची. गावकऱ्यांचा दर तिच्याखाली, बाहेरच्यांचा वर. पण नोंदणीच करावी लागेल का, हे २० लाखांच्या उलाढालीवर ठरतं आणि त्या उलाढालीत सूट असलेली भाडीही मोजतात. सभागृह ११, गाळे ६.१८, पूजा २, एकूण १९ लाख १८ हजार. अजून चार बाहेरची लग्नं झाली की २० लाखांच्या पलीकडे. निव्वळ देणग्या यात येत नाहीत, कारण त्यांच्या बदल्यात काही दिलेलं नसतं.

इथे ७ लाखांच्या व्याजाचा काटा आहे. ठेवींवरचं व्याज ही करमुक्त सेवा असली तरी एकूण उलाढालीत ते धरायचं, असं गुजरातच्या अॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाने, म्हणजे करदात्याच्या प्रश्नावर आगाऊ निर्णय देणाऱ्या यंत्रणेने, म्हटलेलं आहे. ते धरलं तर न्यास २६ लाखांवर जाऊन बसला आहे. अशा रुलिंग अर्जदारापुरत्याच बंधनकारक असतात, म्हणून वाद घालायला जागा आहे. माझा सल्ला मात्र नोंदणीचाच असेल. बाहेरच्या पार्टीला पंचवीसऐवजी साडेएकोणतीस हजार द्यावे लागतील, आणि पहिली पावती बहुधा सेक्रेटरींच्याच सोसायटीच्या नावाने फाटेल.

सभागृह म्हणजे व्यवसायच, असं एका तरुण विश्वस्ताने स्वतःहून म्हटलं. मला ते पटतं. गावातल्या मुलीचं लग्न नऊ हजारांत होतं, हे गावकीचं कामच आहे आणि त्याला सवलत असावी. पंचवीस हजारांच्या दिवशी मात्र समोरच्या खासगी बँक्वेट हॉलचा मालक आणि देवीचा न्यास एकाच गिऱ्हाइकाला बोलावत असतात. एकावर मालमत्ता कर, जीएसटी आणि आयकर, दुसऱ्यावर काही नाही, हे टिकणारं नव्हतं आणि महापालिकेच्या कायद्यात ते कधी टिकवायचं ठरवलेलंही नव्हतं.

याच सभागृहाच्या बांधकाम परवानगीचा विषयही निघाला. कर भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही. विनापरवाना इमारतीला तर कराच्या दुप्पट शास्ती लावता येते आणि ती भरूनही इमारत नियमित होत नाही. गावठाणातला हा विषय देवस्थानापुरता नाही, म्हणून इथेच सोडतो.

पेटी

इथवरच्या सगळ्या ठिकाणी कायद्याने धार्मिक न्यासाला आणि इतर न्यासांना जवळपास सारख्या मापाने मोजलं आहे. दानपेटीपाशी माप बदलतं.

ज्याचं नाव-पत्ता नोंदलेलं नाही ती निनावी देणगी. कलम ११५बीबीसी २००६ च्या वित्त कायद्याने आलं. त्याप्रमाणे धर्मादाय न्यासाला मिळालेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडे गेल्या की ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक न्यास यातून पूर्ण मोकळे. धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही कामं करणारेही मोकळे, फक्त त्यांच्या शाळा-रुग्णालयासाठी म्हणून आलेली निनावी रक्कम सोडून. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाबाबत हाच वाद होता, आणि संस्थान धार्मिकही आहे व धर्मादायही, त्यामुळे पेटीतल्या रकमेवर हा कर लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात मिश्र न्यासांची ही सूट गाळली गेली होती. संसदेच्या प्रवर समितीने ते दाखवून दिलं आणि ती परत आली.

आता आपल्या न्यासाचे आकडे घ्या. देणग्या एकूण २३ लाख, त्यातली पेटी १४ लाख. हीच पेटी गरिबांसाठी दवाखाना चालवणाऱ्या निधर्मी न्यासाच्या दारात असती तर? २३ लाखांचे ५ टक्के म्हणजे १ लाख १५ हजार सुटले असते, उरलेल्या १२ लाख ८५ हजारांवर ३ लाख ८५ हजार कर बसला असता. देवीसमोरच्या पेटीवर शून्य. सवलत असावी की नसावी या वादाचा खरा गाभा मला इथे दिसतो. उत्पन्नावरच्या सवलतीला ८५ टक्क्यांची अट आहे, नातेवाइकांना मनाई आहे, रोखीवर बंधन आहे. पेटीतला पैसा खर्च करताना हीच बंधनं आहेत, पण तो पेटीत येताना कसलंच बंधन नाही. पैसा कोणाचा हे कोणी विचारत नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतर देशभरच्या दानपेट्यांत जुन्या नोटा कशा पडू लागल्या हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या सगळ्याच भक्तिभावाने पडल्या असं म्हणायला मोठं मन हवं.

याविरुद्ध बाजूही हलकी नाही. गुप्तदानाला आपल्याकडे मान आहे, आणि ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत त्याने पावती फाडावी ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. म्हणूनच पेटी बंद करा किंवा पेटीवर सरसकट कर लावा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

विश्वस्तांचा एक गैरसमज इथेच निघाला. आपण करमुक्त, तेव्हा देणगीदारालाही कलम ८०जी ची, म्हणजे दिलेल्या देणगीवर आयकरातली, सूट मिळणार असं ते पावतीपुस्तकावर छापणार होते. ८०जी ची मान्यता वेगळी असते आणि तिच्यासाठी धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत लागतो. इथे तर जत्राच १६ टक्क्यांच्या वर आहे. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी दिलेल्या देणगीला सूट हवी तर ते स्थळ केंद्र सरकारने कलम ८०जी(२)(ब) खाली अधिसूचित केलेलं हवं, जसं २०२० मध्ये श्रीराम जन्मभूमी तीर्थक्षेत्र झालं. आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्या पगारदाराला तर ८०जी चा उपयोगच नाही. छपाई थांबवली.

सवलत असावी का

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या चर्चांच्या मालमत्ता करावरून वॉल्झ खटला झाला. १९७० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सूट कायम ठेवताना एक व्यवहारी कारण दिलं: कर लावला तर सरकारला चर्चच्या मालमत्तेचं मूल्य ठरवावं लागेल, थकबाकीसाठी बोजा चढवावा लागेल, वेळ आली तर लिलाव करावा लागेल, आणि राज्य व धर्म एकमेकांत जास्त गुंततील. आपल्याकडे हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. इथे राज्य आधीच गुंतलेलं आहे. धर्मादाय कार्यालय विश्वस्त बदलल्याचा अर्ज तपासतं, जमीन विकायला परवानगी देतं, लेखापरीक्षणाचा अहवाल घेतं. सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या कायद्यांप्रमाणे व्यवस्थापन समिती सरकारने नेमायची असते. राज्यघटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी खास राखलेला कर कोणाकडून घेता येणार नाही. सूट देण्याबद्दल ते काही म्हणत नाही. म्हणजे आयकराची सवलत हा देवस्थानांचा घटनादत्त हक्क नाही, संसदेने दिलेली सोय आहे, आणि तिच्या अटी संसद बदलू शकते. चर्च, मशीद, गुरुद्वारा, सगळ्यांना त्याच अटी.

माझं मत असं, की सवलत राहावी, पण जिथे पैशाचा माग दाखवता येतो तिथपर्यंतच. उत्पन्नाच्या बाबतीत कायदा तिथवर पोहोचला आहे. पेटीच्या बाबतीत नाही. धार्मिक न्यासांना निनावी देणगीची मर्यादा धर्मादाय न्यासांपेक्षा मोठी द्यावी, समजा एकूण देणग्यांच्या २० टक्के किंवा १० लाख, यांतली मोठी रक्कम. त्यापलीकडे ३० टक्के. रस्त्याकडेच्या देवळीला, वाडीतल्या मरीआईला याने काही फरक पडत नाही. आपल्या न्यासाला १४ पैकी ४ लाखांवर १ लाख २० हजार भरावे लागतील. मोठ्या संस्थानांना मात्र पेटी पंचांसमोर उघडण्याच्या पुढे जाऊन मोठ्या नोटांचे गठ्ठे टाकणाऱ्याला नाव विचारावं लागेल.

बैठकीत जे ठरलं ते याहून मर्यादित होतं. सभागृह आणि गाळ्यांचा मालमत्ता कर भरायचा. भजनाच्या ओट्याचं क्षेत्रफळ सभागृहात मोजलं गेलं होतं, तेवढ्यापुरती हरकत नोंदवायची, कारण तो भाग निव्वळ पूजेचाच आहे. पुतण्याचं भाडं पुढच्या करारापासून इतरांइतकं. ७ लाख ८० हजार मंदिराच्या शिखरासाठी पाच वर्षांत खर्च करू असा ठराव आणि फॉर्म १०. जत्रेचे पैसे बँकेतूनच. जत्रेच्या वर्गणीदारांची नावं आणि रकमा देवळाबाहेरच्या फलकावर रंगवतातच. त्याच फलकावर खर्चाचे आकडेही लिहावेत ही सूचना दोन विश्वस्तांनी विरोध करूनही मंजूर झाली. जीएसटी नोंदणीवर एकमत झालं नाही, पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

पेटीच्या मर्यादेची कल्पना खजिनदारांना मुळीच पटली नाही. ते म्हणाले, जत्रेच्या रात्री रांगेतल्या बाईने टाकलेल्या दहाच्या नोटेतले तीन रुपये सरकारने का घ्यावेत? पेटीशेजारी क्यूआर कोड लावला तरी तिला तो वापरायचा नाही, आणि नुसत्या यूपीआयच्या नोंदीत पत्ता नसल्याने तीही रक्कम निनावीच ठरेल. दुसरा मुद्दा बरोबर आहे. क्यूआरबरोबर नाव-पत्त्याची नोंद घ्यावीच लागेल. पहिल्यावर माझं उत्तर असं, की १४ लाखांची पेटी फक्त दहाच्या नोटांनी भरायची तर १ लाख ४० हजार नोटा लागतात. पेटी उघडल्यावर कोणत्या नोटा किती निघतात हे न्यास आजही मोजतो, वहीत लिहितो. ती वही पाहिली की आमच्या दोघांतलं कोण बरोबर ते कळेल. खजिनदार पुढच्या सभेला वही आणणार आहेत.